पंधरा डॉलर तीस सेंट

रस्त्यावर अपघात झाला की पहिला प्रश्न चालकाबद्दल येतो. कोण चालवत होतं, वेग किती होता, प्यायला होता का? पोलिसांचा पंचनामा त्याच अंगाने होतो आणि जमलेल्या माणसांची चर्चाही तिथेच घुटमळते. गाडी ज्या कागदावर आखली गेली, त्या कागदापर्यंत जाण्याचं फारसं कुणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयांना तिथवर पोहोचायला साठेक वर्षं लागली. त्या वाटेवरचा सर्वांत गाजलेला टप्पा म्हणजे फोर्डच्या पिंटो या छोट्या गाडीवरचा खटला. तो गाजला हे खरं, पण ज्या कारणासाठी तो आजही सांगितला जातो ते कारण बरंचसं चुकीचं आहे. खरं कारण अधिक गंभीर आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं.

आधी एका चाकाची हकिकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यात थडग्यांचे दगड विकणाऱ्या मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने ब्युइक गाडी घेतली. तिच्या चाकांचे आरे लाकडी होते आणि एका चाकाचं लाकूड निकृष्ट निघालं. चालत्या गाडीचं चाक मोडलं आणि मालक बाहेर फेकला गेला. कंपनीचं उत्तर तयार होतं: गाडी तुम्ही वितरकाकडून घेतली, आमचा तुमच्याशी करारच नाही, आणि चाक तर आम्हीही दुसऱ्या कारखान्याकडून आणलं होतं. हे उत्तर त्या काळच्या कायद्याला धरूनच होतं. १८४२ साली इंग्लंडमध्ये टपालाची घोडागाडी मोडून तिचा चालक जायबंदी झाला, तेव्हा करार नसेल तर दावाही नाही असं तिथल्या न्यायालयाने ठरवलं होतं. पाऊणशे वर्षं तोच दाखला चालत आला. १९१६ साली न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी तो बाजूला सारला. घोडागाडीच्या काळातले नियम मोटारीच्या काळाला पुरे पडणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. निष्काळजीपणे बनवली तर जी वस्तू जिवावर बेतू शकते, तिचा निर्माता ती वापरणाऱ्यालाही जबाबदार असतो, हे तत्त्व त्या निकालाने रुजवलं.

पुढची वाट हळूहळू मोकळी झाली. १९६० साली न्यू जर्सीतल्या न्यायालयापुढे जेमतेम दहा दिवस वापरलेली प्लिमथ गाडी आली. तिचं स्टिअरिंग दगा देऊन ती भिंतीवर आदळली होती. कंपनीने बारीक अक्षरांतल्या हमीपत्राकडे बोट दाखवलं, न्यायालयाने ते मान्य केलं नाही. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनॉर यांनी लाकूडकामाच्या एका यंत्राच्या खटल्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. वस्तू सदोष होती आणि त्या दोषाने इजा झाली एवढं सिद्ध झालं तरी पुरे, कारखानदाराचा निष्काळजीपणा वेगळा दाखवण्याची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं.

तरी एक मोठा प्रश्न शिल्लक होता. तुटलेलं चाक किंवा बिघडलेलं स्टिअरिंग हा त्या एका गाडीतला दोष. पण आखणी करतानाच चूक झाली असेल, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी सारखीच धोकादायक असेल, तर? आणि अपघात दुसऱ्याच कारणाने झाला, मात्र गाडीच्या रचनेमुळे आतल्या माणसाला जास्त इजा झाली, तर? १९६६ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या एका दाव्यात एका केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की गाडी ही काही धडकण्यासाठी बनवलेली नसते, तेव्हा धडकेतल्या इजेची जबाबदारी निर्मात्याची नाही. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, दुसऱ्या केंद्रीय अपील न्यायालयाने नेमकं उलट मत दिलं. समोरून झालेल्या धडकेत जनरल मोटर्सच्याच १९६३ च्या कोर्व्हेअर गाडीचा स्टिअरिंगचा दांडा मागे येऊन चालकाच्या डोक्यावर आदळला होता. न्यायालय म्हणालं, गाड्या धडकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, निर्मात्याला तर सर्वांत आधी. मग धडक होणार हे गृहीत धरूनच गाडी आखली पाहिजे. गाडी दुसऱ्या वाहनाला धडकते ती पहिली धडक आणि आतला माणूस गाडीच्याच कुठल्यातरी भागावर आपटतो ती दुसरी. या दुसऱ्या धडकेचा हिशेब कंपनीकडून मागता येतो, ही कल्पना इथून पुढे बहुतेक राज्यांनी उचलली.

लोकमतही याच सुमारास बदलत होतं. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक निघालं आणि त्याचं पहिलंच प्रकरण कोर्व्हेअरवर होतं. जनरल मोटर्सने त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आल्यावर कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षेचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा झाला. पिंटोची आखणी झाली ती या सगळ्यानंतर. कंपनीला काही ठाऊकच नव्हतं असं म्हणायला जागा नाही, ती यामुळे.

साठच्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगनची बीटल आणि जपानी छोट्या गाड्या अमेरिकी बाजारात जोरात शिरत होत्या. फोर्डमधले वरिष्ठ अधिकारी ली आयकोका यांनी उत्तर मागितलं: वजन दोन हजार पौंडांच्या आत, किंमत दोन हजार डॉलरच्या आत, आणि तेही लवकर. नवी गाडी बाजारात यायला एरवी साडेतीन वर्षं लागत. पिंटो दोन वर्षांच्या आसपास तयार झाली आणि सप्टेंबर १९७० मध्ये विक्रीला आली. एरवी अभियंते आणि गाडीचं रूप ठरवणारे बरोबरीने काम करत. इथे रूप आधी ठरलं आणि यंत्ररचना त्यात बसवावी लागली.

पेट्रोलची टाकी कुठे बसवायची हा प्रश्न असाच सुटला. युरोप-जपानमधल्या छोट्या गाड्यांत ती मागच्या ॲक्सलच्या वर ठेवायची पद्धत होती. पिंटोत सामानाला जागा हवी म्हणून ती ॲक्सलच्या मागे, बंपरच्या अलीकडे गेली. पिंटोवरच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने दिलेल्या निकालपत्रात या रचनेचं वर्णन अगदी बारकाईने आलं आहे. मागचा बंपर म्हणजे क्रोमच्या पट्टीपेक्षा फारसं काही नव्हतं. धडकेत चेपायला मोकळी जागा जेमतेम नऊ-दहा इंच होती. टाकीच्या पुढे डिफरन्शियलचं लोखंडी घर होतं आणि त्यातून बोल्टची डोकी उघडी बाहेर आलेली होती. मागून धक्का बसला की टाकी पुढे ढकलली जाणार आणि त्या बोल्टांवर फाटणार. इतर गाड्यांत मागचा सांगाडा मजबूत करणारे जे आडवे-उभे लोखंडी भाग असतात, त्यांतले काही पिंटोत नव्हतेच.

हे केवळ कागदावरचं अनुमान नव्हतं. ताशी २१ मैल, म्हणजे साधारण ३४ किलोमीटर वेगाच्या धडक-चाचणीत नमुना गाडीची टाकी पुढे सरकून फुटली होती आणि पेट्रोल गळालं होतं. आपल्याकडे शहरातली रिक्षा याहून वेगात जाते. टाकीच्या आत रबरी पिशवी बसवलेली गाडी मात्र चाचणीत टिकली. म्हणजे दोष माहीत होता आणि उपायही माहीत होते. त्यांच्या किमतीसुद्धा निकालपत्रात नोंदल्या आहेत. सांगाड्याला आधार देणारे भाग २.४० आणि १.८० डॉलर, टाकीभोवती धक्का शोषणारं आवरण ४ डॉलर, नायलॉनची पिशवी ५.२५ ते ८ डॉलर. सांगाडा मजबूत करणं, ॲक्सल गुळगुळीत करणं, बंपर सुधारणं आणि मोकळी जागा वाढवणं या सगळ्याला मिळून खर्च येणार होता गाडीमागे १५ डॉलर ३० सेंट. तेवढ्यात ताशी ३४ ते ३८ मैल वेगाने मोठी गाडी मागून आदळली तरी टाकी सुरक्षित राहिली असती. एप्रिल १९७१ मध्ये कंपनीपुढे आलेल्या एका अंतर्गत अहवालात मात्र ही आवरणं किंवा पिशव्या बसवणं १९७४ ऐवजी १९७६ पर्यंत लांबवावं अशी शिफारस होती. त्यातून वाचणार होते दोन कोटी नऊ लाख डॉलर.

२८ मे १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमहून एक महिला आपल्या पिंटोतून बार्स्टोला, नवऱ्याला भेटायला निघाली. सोबत १३ वर्षांचा एक मुलगा होता. गाडी सहा महिन्यांची, जेमतेम तीन हजार मैल चाललेली, तरीही अनेकदा दुरुस्तीला नेलेली. ती मधेच बंद पडायची. सॅन बर्नार्डिनोला पेट्रोल भरून दोघं महामार्गावर आले. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली म्हणून तिने लेन बदलली, आणि थोड्याच वेळात गाडी बंद पडून रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या फोर्ड गॅलक्सीच्या चालकाने ब्रेक लावले होते. धडकेच्या वेळी त्याचा वेग २८ ते ३७ मैलांच्या दरम्यान असावा. टाकी पुढे जाऊन बोल्टांवर फाटली. चाकांवरचे पत्रे तळापासून सुटले आणि त्या फटींतून पेट्रोल थेट बसायच्या जागेत उडालं. गाडी थांबेपर्यंत दोघंही भाजले होते. बाहेर पडले तेव्हा अंगावरचे कपडे जवळपास जळून गेले होते. ती महिला काही दिवसांनी वारली. मुलगा वाचला, पण डाव्या हाताच्या काही बोटांचे भाग आणि कानाचा भाग गेला, चेहऱ्यावर कातडी बसवण्याच्या शस्त्रक्रिया करून घेत तो मोठा झाला.

ऑरेंज काउंटीच्या न्यायालयात खटला सुमारे सहा महिने चालला. सर्वांत वजनदार साक्ष झाली ती हार्ली कॉप यांची. ते फोर्डमध्येच वरिष्ठ पदावर होते आणि धडक-चाचण्यांचं काम त्यांच्याकडे होतं. टाकीचा धोका आणि तो दूर करण्याचा किरकोळ खर्च, दोन्ही माहीत असताना गाडी बाजारात आणायचा निर्णय कंपनीच्या सर्वोच्च पातळीवर झाला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. गॅलक्सीचा वेग २८ ते ३७ मैलांहून बराच जास्त होता, कुठलीही छोटी गाडी तिथे टिकली नसती, असा फोर्डचा बचाव होता. फेब्रुवारी १९७८ मध्ये जूरीने त्या मुलाला सुमारे २५ लाख डॉलर भरपाई दिली आणि वर साडेबारा कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई ठोठावली. देश हादरला. न्यायाधीशांनी ती दंडाची रक्कम ३५ लाखांवर आणली. १९८१ साली अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. तेव्हा न्यायालयाने नोंदवलेली फोर्डची निव्वळ मालमत्ता ७.७ अब्ज डॉलर होती. त्या आकड्यापुढे ३५ लाख म्हणजे फारच थोडे, हे मान्यच करायला हवं.

आता त्या प्रसिद्ध गैरसमजाबद्दल. १९७७ च्या शरदात ‘मदर जोन्स’ या मासिकात मार्क डाउई यांचा पिंटोवरचा लेख आला आणि त्याबरोबर फोर्डचा एक हिशेब जगापुढे आला. १८० मृत्यू, प्रत्येकी दोन लाख डॉलर. १८० जण भाजणार, प्रत्येकी ६७ हजार. जळालेल्या गाड्या २,१००, प्रत्येकी ७००. एकूण ‘फायदा’ ४ कोटी ९५ लाख. उलट सव्वा कोटी गाड्यांना प्रत्येकी ११ डॉलरची दुरुस्ती, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख. व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही सांगितलं जातं की पिंटोतली माणसं जळू द्यावीत की टाकी सुधारावी, हे फोर्डने या तक्त्यावर ठरवलं.

तसं घडलेलं नाही. तो हिशेब १९७३ सालचा, पिंटो बाजारात येऊन तीन वर्षं झाल्यानंतरचा होता. तो एकट्या पिंटोचा नव्हता, देशातल्या सगळ्या गाड्या आणि हलक्या ट्रकांचा होता. विषयही मागून बसणारी धडक नव्हता, गाडी उलटल्यावर होणारी गळती होता. तो सरकारच्या वाहन-सुरक्षा यंत्रणेला सादर केलेला होता आणि माणसाच्या जिवाची दोन लाखांची किंमत त्याच यंत्रणेने आधी काढली होती. शिवाय जूरीपुढे तो पुरावा म्हणून आलाच नाही. कायद्याचे अभ्यासक गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ मध्ये हे सगळं सविस्तर मांडलं. एकूण मृत्यूंच्या बाबतीत पिंटो त्या काळच्या इतर छोट्या गाड्यांपेक्षा फार वाईट नव्हती, हेही त्यांनी दाखवलं. मागून धडक बसून लागणाऱ्या आगीच्या बाबतीत मात्र तिची कामगिरी खरोखरच वाईट होती.

ही दुरुस्ती फोर्डला निर्दोष ठरवत नाही. उलट, जूरीने जे पाहिलं ते त्या तक्त्यापेक्षा अधिक थेट होतं. तक्ता म्हणजे धोरणाची भाषा, सरकारला पाठवलेली. चाचण्यांचे अहवाल, सुट्या भागांच्या किमती आणि लांबणीवर टाकण्याची शिफारस, हे सगळं आपापसातलं होतं आणि याच गाड्यांबद्दल होतं. हे कागद बाहेर आले ते दावा झाला म्हणून. अमेरिकेत दाव्याच्या सुनावणीआधी समोरच्या पक्षाची कागदपत्रं मागवता येतात, त्याच्या अभियंत्यांची शपथेवर उलटतपासणी करता येते. माझ्या मते या खटल्यांची खरी ताकद भरपाईच्या रकमेत नाही, कंपनीची कपाटं उघडण्याच्या या अधिकारात आहे.

निकालानंतर चार महिन्यांत, जून १९७८ मध्ये, सुरक्षा यंत्रणेच्या दबावाखाली फोर्डने सुमारे १५ लाख पिंटो आणि तिच्याच रचनेच्या बॉबकॅट गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. उपाय साधा होता: टाकी आणि डिफरन्शियलच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा, आणि पेट्रोल भरायची नळी लांब. पण १० ऑगस्टला इंडियाना राज्यात १९७३ च्या एका पिंटोवर मागून व्हॅन आदळली आणि आतल्या तिन्ही तरुण मुली आगीत गेल्या. कंपनीचं रिकॉलचं पत्र त्या घरी पोहोचलं ते त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. स्थानिक सरकारी वकील मायकेल कोसेंटिनो यांनी फोर्डवर चक्क बेदरकार मनुष्यवधाचा फौजदारी खटला भरला. सदोष उत्पादनाच्या आखणीसाठी कंपनीला अशा आरोपाखाली उभं करण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. दोषी ठरली असती तरी दंड फक्त ३० हजार डॉलर होता, तरीही फोर्डने वॉटरगेट खटल्यातले नामवंत वकील जेम्स नील यांना उभं केलं. १३ मार्च १९८० रोजी विनामॅक या छोट्या गावातल्या जूरीने चार दिवसांच्या विचारानंतर कंपनीला निर्दोष ठरवलं. दिवाणी दाव्यात जे कागद पुढे आले होते त्यांतले बरेचसे या जूरीला पाहायला मिळाले नाहीत. दोन निकालांतल्या फरकाचं हे एक मोठं कारण, असं मला वाटतं.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. मागच्या धडकेत टाकी टिकलीच पाहिजे हा ताशी ३० मैलांचा केंद्रीय नियम १९७७ च्या गाड्यांना लागू झाला होताच. आखणीच्या टेबलावर बसणाऱ्यांना आपण लिहिलेला प्रत्येक कागद एक दिवस न्यायालयात वाचला जाईल, हेही कळलं. दुसरीकडे उद्योगांनी मोठ्या दंडांविरुद्ध मोहीम उघडली आणि १९९६ च्या बीएमडब्ल्यू खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दंडात्मक भरपाईला मर्यादा घालायला सुरुवात केली. पण कपाटं उघडायचा अधिकार शाबूत राहिला. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशनचं बटण हलक्या धक्क्याने बंद व्हायचं आणि मग एअरबॅग उघडायच्या नाहीत. हे अनेक वर्षं दडून होतं. जॉर्जिया राज्यात मुलगी गमावलेल्या आईवडिलांच्या दाव्यात दोन बटणं उकलून शेजारी ठेवली गेली, तेव्हा कंपनीने भागाचा क्रमांक न बदलता आतली रचना गुपचूप बदलल्याचं दिसलं. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

आपल्याकडे हा प्रश्न दारात येऊन ठेपला आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात बहुधा चालकाचा दोष आणि विमा कंपनीची रक्कम एवढंच चालतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्ध ग्राहकाचा दावा उचलून धरला. समोरून जोरात धडक होऊनही त्याच्या क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. वेग आणि बल यांचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याच्या ८४व्या कलमात आखणीतल्या दोषाचा स्पष्ट उल्लेख आहे. मोटार वाहन कायद्यातही त्याच वर्षी सरकारला सदोष गाड्या परत बोलवायचा अधिकार मिळाला.

कायदा आहे, पण त्याला पुरावा लागतो आणि सर्वांत मोठा पुरावा ती गाडी असते. घरात असा प्रसंग आलाच, तर एअरबॅग न उघडलेली, आग लागलेली किंवा ब्रेक निकामी झालेली गाडी घाईने विमा कंपनीच्या किंवा भंगारवाल्याच्या ताब्यात देऊ नका. आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तटस्थ तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या, सर्व्हिसची बिलं आणि कंपनीची पत्रं जपून ठेवा. आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका.